प्लग काढला म्हणजे ब्लूग्रास झाले असे नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या पुरवणीत एका अमेरिकी रॉक बँडविषयी जे टिपण नुकतेच छापून आले, ते वाचून हे पत्र लिहीत आहे. इतकी वर्षे इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम्स यांच्या जोरावर कार्यक्रम करणाऱ्या या मंडळींनी ती सारी वाद्ये बाजूला ठेवली आणि बँजो, मँडोलिन, फिडल (म्हणजे व्हायोलिन), साधी लाकडी गिटार व उभा बेस घेऊन ब्लूग्रास हे अमेरिकी तारवाद्यांचे संगीत वाजवायला सुरुवात केली, अशी ती बातमी होती. मराठी वृत्तपत्रांत असा विषय क्वचितच वाचायला मिळतो, त्यामुळे तो दिल्याबद्दल आपले मनापासून आभार. तक्रार आहे ती टिपणाच्या सुराविषयी. कलाकार थकले, वय झाले, म्हणून ते गोंगाट सोडून शांत, सोप्या, जुन्या लोकसंगीताकडे परतले, असे लेखकाने गृहीत धरले आहे आणि सगळे विवेचन त्या एका गृहीतकावर उभे केले आहे. ब्लूग्रास शांत नाही, सोपे तर मुळीच नाही आणि वाटते तितके जुनेही नाही, हे या पत्रातून मांडण्याची परवानगी असावी.

जुनेपणापासून सुरुवात करतो. इलेक्ट्रिक गिटार १९३२ च्या सुमारास बाजारात आली आणि गिब्सन कंपनीचे ‘ईएस-१५०’ हे गाजलेले मॉडेल १९३६ मध्ये निघाले. ब्लूग्रास ज्या रूपात आज आपण ऐकतो, ते त्यानंतर जवळजवळ दहा वर्षांनी घडले. केंटकी राज्यातल्या रोझीन या गावी १९११ मध्ये जन्मलेल्या बिल मन्रो यांचा ‘ब्लू ग्रास बॉइज’ हा ताफा १९३९ मध्ये नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या रेडिओ कार्यक्रमात दाखल झाला. पण त्या ताफ्याचा नाद खऱ्या अर्थाने ठरला तो डिसेंबर १९४५ मध्ये, उत्तर कॅरोलिनाचा एकवीस वर्षांचा अर्ल स्क्रग्ज बँजो घेऊन त्यात आला तेव्हा. लेस्टर फ्लॅट गिटारीवर होताच. सप्टेंबर १९४६ मध्ये या संचाने शिकागोत जे ध्वनिमुद्रण केले, त्याकडे आजही ब्लूग्रासचा मूळ आराखडा म्हणून पाहिले जाते. म्हणजे रॉक बँड ज्या वाद्यावर उभा असतो ते वाद्य ब्लूग्रासपेक्षा वयाने मोठे आहे, आणि इलेक्ट्रिक गिटार खाली ठेवून ब्लूग्रासकडे जाणारा कलाकार कालक्रमाने पाहिले तर एका अधिक तरुण गोष्टीकडे जातो. मन्रो यांच्या ताफ्याच्या नावावरूनच या संगीताला पुढे ब्लूग्रास म्हणू लागले. शेताच्या बांधावर आपोआप उगवलेले हे संगीत नव्हे. रेडिओसाठी, तिकीट काढून येणाऱ्या श्रोत्यांसाठी, ठरलेल्या वेळेत आणि स्पर्धेच्या दडपणाखाली व्यावसायिक कलाकारांनी ते घडवले.

अर्थात ते घडवताना जे साहित्य वापरले ते जुने होते, आणि ते एकाच घरचे नव्हते. पूर्व अमेरिकेतल्या ॲपलेशियन डोंगराळ भागातल्या फिडलच्या धुना, चर्चमधले गायन, कृष्णवर्णीयांचे ब्लूज असे सगळे त्यात मिसळले आहे. बँजो हे वाद्यच मुळात आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या हातांतून अमेरिकेत आले. त्यांनी आठवणीतल्या वाद्यांसारखी भोपळ्याची, वर कातडे ताणलेली वाद्ये तिथे बनवली आणि त्यातून आजचा बँजो घडत गेला. स्वतः मन्रो तरुणपणी आर्नल्ड शुल्ट्झ या कृष्णवर्णीय गिटारवादकाबरोबर नाचाच्या कार्यक्रमांत वाजवत असत आणि त्यांचे ऋण त्यांनी पुढे उघडपणे मान्य केले. टिपणात ब्लूग्रासला गोऱ्या शेतकऱ्यांचे संगीत म्हटले आहे, त्या वाक्यात ही सगळी माणसे पुसली जातात, आणि ते मला सर्वांत जास्त खटकले.

रॉकशी या संगीताचे नाते तर सुरुवातीपासूनचे आहे. मन्रो यांनी १९४६ च्या त्या मुद्रणात ‘ब्लू मून ऑफ केंटकी’ हे गाणे तीन मात्रांच्या संथ वॉल्ट्झमध्ये गायले होते. जुलै १९५४ मध्ये मेंफिस शहरात एल्व्हिस प्रेस्लीने तेच गाणे चार मात्रांच्या उडत्या चालीत म्हटले आणि ते त्याच्या पहिल्याच तबकडीच्या दुसऱ्या बाजूवर आले. आपल्या गाण्याची मोडतोड झाली म्हणून मन्रो रुसून बसले नाहीत. त्याच वर्षी त्यांनी ते गाणे पुन्हा मुद्रित केले. सुरुवात जुन्या वॉल्ट्झनेच केली आणि मध्येच चाल बदलून ते एल्व्हिसच्या लयीत शिरले. पुढे १९९७ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, रॉकच्या अधिकृत सन्मानदालनात आद्य प्रभाव म्हणून त्यांना स्थान मिळाले. ज्या दोन घराण्यांमध्ये अशी पहिल्यापासून देवाणघेवाण आहे, त्यांतल्या एकाकडून दुसऱ्याकडे कोणी गेला तर त्याला पळ काढणे कसे म्हणावे?

आता सोपेपणाविषयी. इथे थोडे सविस्तर लिहितो, कारण हा अनुभव मी स्वतः घेतला आहे. बरीच वर्षे मी हौशी बँडमध्ये इलेक्ट्रिक गिटार वाजवत होतो. एकदा आम्ही चौघांनी ठरवले की आपलेच एक गाणे विजेशिवाय, ब्लूग्रासच्या अंगाने वाजवून पाहायचे. ब्लूग्रासच्या रूढ संचात ड्रम्स नसतात, हे आम्हाला ऐकून माहीत होते. त्याचा अर्थ काय होतो, हे त्या संध्याकाळी कळले. पहिल्या कडव्यातच लय पळाली, दुसऱ्यात ती रेंगाळली, आणि प्रत्येक जण दुसऱ्याकडे पाहू लागला. ड्रम्स वाजवणारा आमचा मित्र इतका वेळ मांडीवर हात ठेवून गप्प बसला होता. तो एवढेच म्हणाला, की तुम्ही लय धरतच नव्हता, मी धरत होतो. ते वाक्य मी आजवर विसरलेलो नाही.

ब्लूग्रासमध्ये ते काम सगळ्यांत वाटलेले असते. चार मात्रांतल्या पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर उभा बेस बोलतो, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर मँडोलिनचा तुटक आघात येतो आणि गिटार या दोन्हींच्या मधली जागा सांधत जाते. मँडोलिनच्या या आघाताला ‘चॉप’ म्हणतात. चार जोड्यांत लावलेल्या आठ तारा डाव्या हाताने दाबायच्या, उजव्या हातातल्या नखीने एका फटक्यात छेडायच्या आणि नाद उमटतो न उमटतो तोच डाव्या हाताची बोटे सैल करून तो मारायचा. तारांवरून बोटे उचलली तर मोकळ्या तारा घुमतात आणि दाबून ठेवली तर स्वर लांबतो. या दोन्हींच्या मधली नेमकी जागा सापडली तरच तो ‘चक्’ असा कोरडा आवाज येतो, जो ड्रम्सच्या संचातल्या स्नेअर या कडक आवाजाच्या ड्रमची उणीव भरून काढतो. मी पुढे मँडोलिन शिकायला घेतले तेव्हा कित्येक महिने मेट्रोनोम हे लयीचे ठोके देणारे यंत्र लावून केवळ हा एक आघात घोटत होतो. तारा जोडीने असल्यामुळे बोटांच्या टोकांवर दोन-दोन समांतर रेघा उमटत आणि रात्री जेवतानाही त्या चुरचुरत. गिटारवर इतकी वर्षे काढलेल्या हाताला हे नव्याने शिकावे लागले, यावरून अंतर किती आहे याची कल्पना यावी.

दुसरी अडचण आस टिकवण्याची. इलेक्ट्रिक गिटारीवर एक स्वर छेडला आणि ॲम्प्लिफायर चढवलेला असला की तो स्वर हवा तितका वेळ तोलून धरता येतो. रॉकच्या एकल वादनातली सारी आर्तता त्या लांबलेल्या स्वरात साठलेली असते. बँजोचा स्वर उमटल्यावर क्षणात विरतो. त्यामुळे तिथे भाव व्यक्त करायचा तर एका स्वरावर थांबून चालत नाही, स्वरांची ओळच्या ओळ अखंड वाहती ठेवावी लागते. स्क्रग्ज यांनी अंगठा, तर्जनी आणि मध्यमा या तीन बोटांच्या फिरत्या क्रमाने जे साधले ते हेच. तीन बोटांचे फेरे चार मात्रांच्या चौकटीत बसवताना आघात कधी आधी तर कधी नंतर पडतात, आणि ऐकणाऱ्याला गाणे सतत पुढे ओढले जात असल्याचा भास होतो. त्या फेऱ्यांतूनही गाण्याची चाल स्पष्ट ऐकू आली पाहिजे, ही अट वेगळीच. ज्याने हे संगीत भरधाव लयीत एकदा तरी ऐकले आहे, तो त्याला शांत म्हणणार नाही.

तिसरी गोष्ट गळ्याची. रॉकच्या मंचावर गायकाचा आवाज यंत्रांच्या भिंतीवर टेकलेला असतो. थोडा बेसूर झाला तरी त्या लोटात खपून जातो. ब्लूग्रासमध्ये मुख्य गायकाच्या वर एक आणि खाली एक असे आणखी दोन गळे लागतात, तेही बहुधा बऱ्याच वरच्या पट्टीत. मागे आधाराला फारसे काही नसल्यामुळे तिघांपैकी एक जरी केसभर उतरला तरी ते तत्काळ जाणवते. जुन्या पद्धतीने वाजवणारे ताफे एकाच मायक्रोफोनभोवती उभे राहतात. ज्याची वाजवायची पाळी असेल तो पुढे सरकतो, बाकीचे मागे हटतात, फिडलवाला आपला गज कोणाच्या डोळ्यात जाऊ नये म्हणून खांदा वळवून आत शिरतो, आणि गाण्याची ओळ आली की तिघे गायक पुन्हा डोके जवळ आणतात. कोणाचा आवाज किती मोठा हवा हे मिश्रण करणारा तंत्रज्ञ ठरवत नाही. ते वादक स्वतः आपल्या पावलांनी ठरवतात. इतरांचे ऐकल्याशिवाय हे जमत नाही. आपला ॲम्प्लिफायर शेजाऱ्याच्या वर नेण्याची सवय लागलेल्या कलाकारांनी हे उतारवयात शिकायला घेतले असेल, तर त्याला विश्रांती म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे.

टिपणात या बदलाची तुलना ‘एमटीव्ही अनप्लग्ड’ या, रॉक कलाकार विजेच्या वाद्यांऐवजी साध्या वाद्यांवर आपली गाणी सादर करतात अशा दूरचित्रवाणी कार्यक्रमाशी केली आहे. १९८९ साली सुरू झालेल्या त्या कार्यक्रमातून काही सुरेख ध्वनिमुद्रणे मिळाली, एरिक क्लॅप्टन यांचे १९९२ चे तर सर्वश्रुत आहे. पण तिथे गाण्याची बांधणी बहुतेक वेळा तीच राहते, ड्रम्सही असतात, फक्त वाद्यांचा पोत बदलतो. मोठ्या दिव्यांऐवजी समया लावल्या तरी दिवाणखाना तोच राहतो, तसे ते आहे. ब्लूग्रासला जायचे तर घर पाडून वासे नव्याने जोडावे लागतात. नुसती रॉकची गाणी बँजोवर वाजवली म्हणजे काम झाले, असेही नाही. त्या प्रकारची अनुकरणे पुष्कळ निघाली. ‘हेसीड डिक्सी’ या ताफ्याने २००१ मध्ये एसी/डीसी या हार्ड रॉक बँडची गाणी अशा ढंगात वाजवून लोकांचे मनोरंजन केले, त्यांचे हात तयार होते आणि ऐकायला मजाही येते. मात्र तिथे ऐकणाऱ्याचे लक्ष ओळखीचे गाणे अनोळखी वेषात आल्याच्या चमत्कृतीकडे राहते, आणि चमत्कृती एकदा ओसरली की दुसऱ्यांदा तबकडी लावावीशी वाटत नाही, असे माझे मत आहे.

ज्यांनी हा प्रवास मनापासून केला त्यांची उदाहरणे टिपणात यायला हवी होती. ‘ग्रेटफुल डेड’ या बँडचे जेरी गार्सिया इलेक्ट्रिक गिटारसाठी ओळखले जातात, पण तरुणपणी ते बँजो वाजवत आणि मन्रो यांच्या संगीताने झपाटलेले होते. कीर्तीच्या शिखरावर असताना, १९७३ मध्ये, त्यांनी बँजो पुन्हा हाती घेतला आणि ‘ओल्ड अँड इन द वे’ हा ताफा जमवला. त्यातले गायक-गिटारवादक पीटर रोवन आणि फिडलवादक व्हॅसर क्लेमेंट्स हे दोघेही मन्रो यांच्या ताफ्यात वाजवून आलेले होते, ही बाब फार महत्त्वाची आहे. स्वतःच्या नावावर सहज तिकिटे खपत असतानाही गार्सिया यांनी शेजारी जाणती माणसे बसवली. कॅलिफोर्नियाच्या ‘निटी ग्रिटी डर्ट बँड’ने तर त्याच्याही आधी, ऑगस्ट १९७१ मध्ये, नॅशव्हिलला जाऊन मेबेल कार्टर, डॉक वॉटसन, अर्ल स्क्रग्ज, जिमी मार्टिन अशा ज्येष्ठांबरोबर मुद्रण केले. लांब केसांच्या त्या मुलांविषयी जुन्या मंडळींना शंका होती, मन्रो यांनी तर सहभागी व्हायला नकारच दिला. तरीही १९७२ मध्ये निघालेला तो तीन तबकड्यांचा संच दोन पिढ्यांना जोडणारा ठरला. कंट्री-रॉक गायक स्टीव्ह अर्ल यांनी १९९९ मध्ये निघालेला आपला ब्लूग्रासचा अल्बम करायचे ठरवले तेव्हा आपल्या नेहमीच्या साथीदारांच्या हाती बँजो देण्याऐवजी ते थेट डेल मॅक्कोरी यांच्या मुरलेल्या ब्लूग्रास ताफ्याकडे गेले.

उलट दिशेची वाहतूकही तितकीच खरी. स्वतः स्क्रग्ज १९६९ मध्ये फ्लॅट यांच्यापासून वेगळे झाल्यावर आपल्या मुलांबरोबर इलेक्ट्रिक वाद्यांच्या संचात वाजवू लागले. त्यामुळे त्यांचे मोठेपण कमी झाले नाही. नव्या पिढीत उत्तर कॅरोलिनाचे ॲव्हेट बंधू आधी एका रॉक बँडमध्ये होते, आणि २००३ मध्ये मिनेसोटातल्या डुलुथ येथे सुरू झालेला ‘ट्रॅम्पल्ड बाय टर्टल्स’ हा ड्रम्सविरहित ताफाही रॉक वाजवलेल्या मुलांमधूनच उभा राहिला. बिली स्ट्रिंग्ज लहानपणी घरात ब्लूग्रास शिकला, पौगंडावस्थेत मेटल या रॉकच्या सर्वांत दणदणीत प्रकारातल्या बँडमध्ये गेला आणि परत आला; २०२१ मध्ये त्याच्या अल्बमला सर्वोत्कृष्ट ब्लूग्रास अल्बमचा ग्रॅमी मिळाला. मेटलमधला तो आवेश त्याच्या हातात आजही ऐकू येतो, आणि ब्लूग्रासला त्याची अडचण होत नाही.

जुने चाहते नाराज आहेत, असेही टिपणात म्हटले आहे, आणि ते मला समजते. १९६५ मध्ये न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात बॉब डिलन यांनी इलेक्ट्रिक गिटार हाती घेतली तेव्हा श्रोत्यांतून निषेधाचे आवाज उठले होते. इथे दिशा उलटी आहे, पण दुखणे तेच. ज्या गाण्यांबरोबर आपण वाढलो ती गाणी कलाकाराने मागे टाकली की आपलेही काही मागे टाकल्यासारखे वाटते. त्या नाराजीचा मी अनादर करणार नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की नवे संगीत आवडले नाही तर ते संगीत म्हणून आवडले नाही असे म्हणावे. ते कलाकार थकले आहेत, असा निष्कर्ष त्यातून काढू नये.

म्हणून आपणास एक विनंती आहे. या बँडचा नवा अल्बम येईल तेव्हा त्याच्याविषयी पुन्हा अवश्य लिहा, पण त्या वेळी ताफ्यात मँडोलिन कोण वाजवतो, फिडलसाठी नवा माणूस घेतला की कोणी ते मुळापासून शिकले, तिन्ही गळे कोणाचे आहेत आणि ते कोणाच्या हाताखाली तयार झाले, हे वाचकांना सांगा. आणि त्यांच्या ड्रम्सवादकाचे काय झाले तेही नक्की लिहा. आपल्या टिपणात त्याचा उल्लेखच नाही, आणि ते वाचल्यापासून माझ्या मनात त्याचाच विचार आहे. आमचा मित्र त्या संध्याकाळनंतर उभा बेस शिकला. पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर आता तो असतो, आणि अजूनही लय सगळ्यांत पक्की त्याचीच आहे.

आपला,
एक नियमित वाचक